डिस्चार्ज देण्याआधी आईच्या हातून एकदा करून घ्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. ३१ वर्षं तिकिटं फाडली आणि आता गेली ६ वर्षं घरात नर्सची ड्युटी करतोय म्हणलं तरी चालेल. माझा नातू जन्मला तेव्हा लगेच रडला नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, १९ दिवस काचेच्या पेटीत होता, पुढं सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी (मेंदूला इजा झाल्यानं हातपायांवर ताबा राहत नाही) आणि सोबत फिट असं निघालं. आजाराचं रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये, डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्यात काय होतं आणि काय व्हायचं राहून जातं तेवढंच सांगायचंय.

पेटीतून काढल्यावर त्याला दूध चोखता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली, राईल्स ट्यूब म्हणतात तिला. त्या मोठ्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी बिल, फाईल, सह्या यात चार तास गेले आणि नळीतून दूध कसं द्यायचं ते दाखवायला २ मिनिटं. ती सिस्टर तरी काय करणार, तिला पलीकडून हाका चालूच होत्या. सूनबाईनं मान डोलावली, आम्ही पण डोलावली, दवाखान्यात माणूस सगळ्यालाच मान डोलावतो. घरी आल्यावर बाळ पाठीवर झोपलेलं तसंच ठेवून सिरिंज भरली आणि इंजेक्शन देतात तसा दांडा दाबून दूध आत ढकलायचं, असं आठवडाभर चाललं. आठव्या दिवशी दूध उलटून छातीत गेलं, पोरगं निळं पडलं, न्यूमोनिया झाला आणि परत ११ दिवस ॲडमिट.

या वेळी सरकारी दवाखाना होता आणि वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी आधी सूनबाईला विचारलं, दूध कसं देता ते करून दाखवा. तिनं दाखवलं. बाई एक शब्द रागाचा बोलल्या नाहीत, सिरिंज हातातून घेतली, दांडा काढून कचऱ्यात टाकला आणि म्हणल्या आता हे परत वापरायचं नाही. मग शिकवलं. नाकापाशी नळीवर पेनानं खूण करायची, दरवेळी आधी खूण जागेवर आहे का बघायचं, सरकलेली वाटली तर दूध द्यायचंच नाही, सरळ दवाखान्यात यायचं. दुसऱ्या सिरिंजनं नळीतून पोटातलं थोडं पाणी वर ओढायचं आणि पीएचच्या म्हणजे आंबटपणा मोजायच्या कागदी पट्टीवर टाकायचं, साडेपाच किंवा त्याच्या खाली आलं म्हणजे नळी पोटातच आहे. बाळाचं डोकं-छाती उंच धरायची, बिनदांड्याची सिरिंज नळीला लावून त्यात दूध ओतायचं, ते आपल्या वजनानं हळूहळू खाली जातं, सिरिंज वर धरली की जोरात जातं, खाली घेतली की मंद होतं. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास आडवं करायचं नाही.

तीन दिवस रोज सूनबाईकडून करून घेतलं आणि चौथ्या दिवशी मला म्हणल्या, आजोबा आता तुम्ही. मी म्हणलं मला कशाला, तर म्हणल्या रात्री दोनला ही पोरगी दमून झोपली तर काय शेजाऱ्याला बोलावणार का? माझा हात थरथरत होता. आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं दिली, कधी हात हलला नाही, आणि ३० मिली दुधानं घाम फोडला.

अजून एक किस्सा सांगतो. नातवाला फिटसाठी फेनिटॉइनचं पातळ औषध होतं. आमच्याकडं व्हायचं असं की नवी बाटली फोडली की पहिले काही दिवस फिट वाढायच्या आणि बाटली तळाला आली की पोरगं दिवसभर गुंगीत, डोळे उघडायचं नाही. आम्हाला वाटलं आजाराचंच आहे, आमच्या मंडळींनी तर अमावस्या-पौर्णिमेशी मेळ घालून ठेवलेला. ओपीडीला गेलो तेव्हा याच सिस्टरनी विचारलं, बाटली हलवता का? आम्ही कुठं हलवतोय! ते औषध खाली बसतं, म्हणजे वरचं पाणचट आणि तळाचं जहाल, पोराला आधी डोस कमी जात होता आणि शेवटी जास्त. डॉक्टरांनी रक्तातली लेव्हल तपासली आणि तेच निघालं. वर आम्ही घरातल्या चहाच्या चमच्यानं द्यायचो, तो पण बंद करून मापाची सिरिंज दिली. सगळं मिळून ५ मिनिटांचं बोलणं, पण ते कुणी आधी बोललंच नव्हतं.

फिट आल्यावर काय करायचं हेही तसंच. पहिल्यांदा घरी फिट आली तेव्हा वाड्यातली माणसं गोळा झाली, कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवायला आणली, एकानं तर चमचा घालून दातखिळी उघडायचा प्रयत्न केला, नशीब दात नव्हते आले. सिस्टरनी एवढंच शिकवलं की तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ-उलटी बाहेर पडते, गळ्याजवळचं कापड सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. बहुतेक फिट आपोआप थांबतात. ५ मिनिटांवर गेली तर मात्र डॉक्टरांनी वजनाच्या हिशोबानं लिहून दिलेला, फिट थांबवायचा मिडाझोलामचा नाकातला स्प्रे मारायचा आणि गाडी काढायची. घड्याळाचं काम माझ्याकडं आहे. तीन मिनिटांची फिट अर्ध्या तासाची वाटते, म्हणून अंदाजावर जायचं नाही, काटाच बघायचा.

नळी सुटल्यावर भरवायचं पण शिकावं लागलं. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या मांडीवर आडवं घेऊन मान मागं टाकून बोंडल्यानं ओततात. सीपीच्या पोराला तसं केलं की सरळ श्वासनळीत जातं. बोंडलं माळ्यावर गेलं, आता ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, चमचा खालून समोर आणायचा आणि त्यानं गिळेपर्यंत थांबायचं. एका वाटी खिमटीला पाऊण तास लागतो. कडेवर घ्यायचा तर पाय फाकवून कमरेला लावून, नाहीतर त्याचे पाय कात्रीसारखे आवळतात.

आता मुद्द्याचं. आपल्या पेपरात एसएमएच्या (जन्मजात स्नायू दुबळे पडत जातात तो आजार) बाळासाठी १६ कोटींच्या इंजेक्शनची बातमी येते, लोक पैसे देतात, द्यायलाच पाहिजेत. पण तशा बाळांनाही घरी सक्शन म्हणजे मशीननं घशातला कफ ओढणं लागतं, कूस बदलावी लागते, आणि ते शिकवणाऱ्या सिस्टरची बातमी मी तरी वाचली नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम सांगतो की मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटला १ नर्स. आमच्या वॉर्डात रात्री मी स्वतः खाटा मोजल्या (कंडक्टरची सवय, डोकी मोजल्याशिवाय बेल मारत नाही), ३४ पोरं आणि २ सिस्टर, त्यात एका खाटेवर दोन-दोन. त्या बाईंनी आम्हाला जे शिकवलं ते ड्युटी संपल्यावर थांबून शिकवलं. चांगल्या माणसाची गाठ पडली तर पोरगं वाचणार, नाही पडली तर त्याचं नशीब, ही काय पद्धत झाली का?

घरी आशाताई यायच्या, बाळंतपणानंतर ४२ दिवस ठरलेल्या वेळी येऊन वजन, ताप बघायच्या, अगदी मनापासून. नळी बघितली की म्हणायच्या, काका हे आम्हाला शिकवलेलं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात डीईआयसी म्हणजे अशा पोरांची तपासणी-उपचार करणारं सरकारी सेंटर आहे, तिथं फिजिओथेरपी चांगली मिळाली, अपंगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्याचा १ लाखाचा कागद पण तिथल्याच बाईंनी भरून दिला. पण दूध उलटतं रात्री दोनला आणि ते सेंटर उघडतं सकाळी.

माझं मागणं एवढंच आहे. नळी, फिट, शंट (डोक्यातलं जादा पाणी काढायची आतली नळी), सक्शन असलं काही असलेलं पोर घरी सोडताना आईनं आणि घरातल्या अजून एका माणसानं ते सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं करून दाखवलं पाहिजे आणि डिस्चार्ज कार्डावर तशी सही झाल्याशिवाय सोडू नये. आणि हे शिकवणं ड्युटीत धरा, त्यासाठी वेगळी नर्स द्या, नाहीतर सहीचा अजून एक रकाना तेवढा वाढेल आणि आम्ही परत मान डोलावून घरी येऊ. आम्हाला एसटीत सुद्धा ट्रेनिंग झाल्याशिवाय एकट्याला मार्गावर सोडत नव्हते, आणि तिथं फार तर हिशोब चुकला असता.

पत्र लांबलं, तुम्ही कात्री लावणार माहितीये. एसटीचं काढा, माझ्या घामाचं काढा, पण कुशीवर वळवायचं, सिरिंजचा दांडा दाबायचा नाही आणि औषधाची बाटली हलवायची, ही तीन वाक्यं तेवढी ठेवा.

— एक आजोबा, सातारा जिल्हा