बाबा, सईच्या कोचबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, आईच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि बाबा तुम्ही "बरं बरं, बघा काय ते" म्हणून फोन तिच्या हातात दिलात, म्हणजे तुम्हाला पटलेलं नाही हे मला इथे ओंटारिओत बसून कळलं. तुमचं म्हणणं एवढंच की ज्यानं स्वतः कधी मोठं मेडल मिळवलं नाही तो माणूस आमच्या सईला पेअर्स, म्हणजे मुलगा-मुलगीनं जोडीनं करायचं फिगर स्केटिंग, काय शिकवणार, आणि त्यात तिला हवेत फेकतात वगैरे. फोनवर मला नीट सांगता येत नाही, तुम्ही मध्येच बोलता, म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

एक नाव सांगते, याओ बिन. चीनच्या हार्बिनचा माणूस, जिथे हिवाळ्यात शून्याखाली वीस-पंचवीस म्हणजे रोजचंच. हा आणि त्याची पार्टनर लुआन बो 1980 साली जर्मनीत डॉर्टमुंडला वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेले, चीनची ती पहिलीच वेळ. त्यांना शिकवायला पेअर्समधलं कळणारं कुणी नव्हतं, व्हिडिओ नव्हते, परदेशी जोड्यांचे फोटो बघून लिफ्ट, म्हणजे मुलीला डोक्यावर उचलणं, शिकले होते. आता फोटोत पोरगी वर दिसते, पण ती वर गेली कशी आणि खाली कशी आली ते कुठे दिसतं? व्हायचं तेच झालं, शेवटचा नंबर आला आणि प्रेक्षक हसले. मग 1984 ला सारायेव्होच्या ऑलिम्पिकमध्ये परत शेवटचे. माझ्यासारखीनं तिथेच स्केट्स माळ्यावर टाकले असते.

पण हा कोच झाला. झाओ होंगबो नावाच्या मुलाला पार्टनर नव्हती, तर याओनं 1992 मध्ये शेन श्वे नावाची एकटी स्केटिंग करणारी बारीकशी मुलगी त्याच्याबरोबर लावून दिली. दहा वर्षांनी, 2002 मध्ये, ही जोडी वर्ल्ड चॅम्पियन! 2006 च्या तुरिन ऑलिम्पिकला तर पेअर्समध्ये दुसरी, तिसरी आणि चौथी अशा तिन्ही जोड्या याओच्याच हाताखालच्या होत्या. आणि 2010 ला व्हँकूव्हरला शेन-झाओ गोल्ड, पांग चिंग-टोंग जिआन सिल्व्हर. 1964 पासून हे गोल्ड सोव्हिएत नाहीतर रशियन जोड्यांकडेच जात होतं, एकदा तेवढं कॅनडाबरोबर वाटून घ्यावं लागलं, एरवी सलग बारा ऑलिम्पिक त्यांचीच. ती मक्तेदारी मोडली ती शेवटच्या नंबरवर आलेल्या माणसाच्या पोरांनी. झाओ तेव्हा 36 वर्षांचा होता बाबा, शेन 31, आणि दोघं नवराबायको (आई, 2007 ला टोकियोत वर्ल्ड्स जिंकल्यावर त्यानं तिथे बर्फावरच गुडघ्यावर बसून लग्नाचं विचारलं होतं, तुला आवडेल म्हणून सांगितलं).

तुम्ही म्हणाल हा चीनचा एखादाच माणूस. मग आचरेकर सर? फर्स्ट क्लास मॅच किती खेळले, एक. आणि ती पण तुमच्या स्टेट बँकेकडून! सचिनच्या वडिलांनी सरांचं रेकॉर्ड विचारलं असतं तर?

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच लिहिते. झाओ स्वतः गोल्डवाला, आणि तोही पुढे कोचच झाला. सुई वेनजिंग आणि हान त्सोंग ही त्याच्या हाताखालची जोडी. 2018 च्या ऑलिम्पिकला त्यांचं गोल्ड 0.43 पॉइंटनं गेलं, 2022 ला बीजिंगला घरच्या बर्फावर 0.63 नं मिळालं. मधल्या काळात हानच्या कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन, सुईच्या तर दोन्ही पायांची ऑपरेशनं 2016 मध्येच झालेली. झाओला हे कुणी समजावून सांगायला नको होतं, त्याची स्वतःची टाचेवरची शीर ऑगस्ट 2005 मध्ये तुटली होती आणि फेब्रुवारीत तो तुरिनहून ब्रॉन्झ घेऊन आला. तेव्हा मेडलवाले कोच वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, फक्त मेडल बघून कोच निवडता येत नाही एवढंच.

आणि याओ बिनचं सगळंच मला आवडतं असंही नाही. तुरिनमध्येच त्याच्या झांग दान नावाच्या मुलीला पार्टनरनं चार गिरक्यांसाठी फेकलं, ती पडली, गुडघा गेला, थोडा वेळ थांबून उठली, उरलेला प्रोग्रॅम पूर्ण केला आणि सिल्व्हर मिळालं. सगळं जग टाळ्या वाजवत होतं. मी ते नंतर बघितलं, सई झाल्यावर, आणि मला काही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. माझी पोरगी असती तर मी कठड्यावरून उडी मारून आत गेले असते.

म्हणून मी सईचे कोच बघते ते वेगळ्याच कारणासाठी. हे गृहस्थ वीसेक वर्षांपूर्वी पेअर्स करायचे, देशाबाहेर कधी पोचले नाहीत, पार्टनरचा खांदा गेला आणि संपलं. मागच्या महिन्यात मी बसून बघत होते, सई आणि तिचा पार्टनर थ्रो करत होते, म्हणजे मुलगा फेकतो आणि मुलगी हवेत फिरून एका पायावर उतरते. तिच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि दोरीचं टोक कोचच्या हातातल्या लांब काठीला, मासे पकडायच्या गळासारखं. ते तिच्या बाजूनं स्केटिंग करत जातात आणि ती वाकडी झाली की काठी वर ओढतात, मग ती आपटत नाही, अलगद टेकते. चांगलं चाललं होतं. तेवढ्यात त्यांनी थांबवलं. का, तर मुलाचा हात तिच्या कमरेवर जिथे पडायला हवा त्यापेक्षा जरा वर पडत होता. मला दिसलंच नव्हतं. मग दोघांना बर्फाबाहेर रबरी मॅटवर नेलं, साध्या बुटांत, आणि उरलेला सगळा वेळ फक्त हात ठेव, काढ, हात ठेव, काढ. सई वैतागली होती, गाडीत तोंड फुगवून बसली. मी मात्र खूश. डोक्यावरची लिफ्ट तर ते अजून जमिनीवरच करून घेतात, बर्फावर नाही, आणि कधी करायची ते तेच ठरवणार, आम्ही विचारायचं नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.

आईच्या "तो मुलगा कोण, कुठला" या प्रश्नाचं उत्तर: चौदा वर्षांचा आहे, सभ्य आहे, सारखा काहीतरी खात असतो, आणि सईला त्याच्यात काडीचा इंटरेस्ट नाही, उलट तो उशिरा आला की त्यालाच ओरडते. थेट तुझ्यावर गेलीय.

खर्चाचं विचारू नका. मंदार आणि मी बसून हिशेब केलाय, तुमचे एफडी मोडायचं अजिबात मनात आणू नका बाबा, ते तुमच्या मोतीबिंदूला लागणार आहेत. ऑपरेशनची तारीख घेतलीत का? पुढे ढकलू नका, दादाला बरोबर न्या.

पुढच्या महिन्यात सईची छोटी कॉम्पिटिशन आहे. तुमच्याकडे मध्यरात्र असेल, तेव्हा जागू नका, मंदार रेकॉर्डिंग पाठवेल. दादाला सांगून टीव्हीला जोडून घ्या, मोबाईलवर डोळे ताणत बसू नका. बघून झाल्यावर काय वाटलं ते सईला फोन करून सांगा. मला नाही, तिला.

तुमची,
मनू