यॉर्क मिन्स्टरमधल्या दुर्बीणवाल्या आजींना

आदरणीय आजी,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतलं दोन ओळींचं कार्ड तुम्हाला वेगळं पाठवलंय. हे लांबलचक पत्र मराठीत लिहितोय, कारण पाहुण्यांना घेऊन इंग्लंडातल्या यॉर्कला येणाऱ्या आपल्या मंडळींनीही ते वाचायला हवं. तुमच्या स्वयंसेवकाच्या बिल्ल्यावर नाव होतं, पण न विचारता ते असं चारचौघांत लिहिणं बरं नाही. म्हणून आजीच म्हणतो.

मिन्स्टरमध्ये, म्हणजे यॉर्कच्या त्या भव्य चर्चमध्ये, पूर्वेच्या रंगीत काचांच्या मोठ्या खिडकीसमोर तुम्ही गळ्यातली दुर्बीण काढून आमच्या काकूंच्या हातात दिलीत. काकूंनी आधी डोळ्यांना लावली आणि लगेच परत द्यायला निघाल्या, "काही दिसत नाही" म्हणत. भाषा न कळताही तुम्हाला ते कळलं. काकूंना चष्मा आहे. तुम्ही दुर्बिणीच्या डोळ्यांकडच्या बाजूची रबरी कडी खाली दुमडलीत, कारण चष्मेवाल्याचा डोळा भिंगापासून लांब राहतो आणि कडी वर असली तर दिसण्याची जागा फारच आक्रसते. मग उजवी बाजू हाताने झाकून डाव्या डोळ्यासाठी मधलं चाक फिरवलंत, डावी झाकून उजव्या भिंगाजवळचं कडं फिरवलंत. कोपरं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवायला लावलीत, हात थरथरला की चित्रही थरथरतं म्हणून. आणि मग तुम्ही बोलायचं थांबलात. तुमच्यामागे दुसरा घोळका ताटकळत होता, त्यांना हाताने जरा थांबा म्हणालात, पण काकूंना घाई केली नाहीत.

ती खिडकी नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही, हे तिथे जाणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं. उंची सुमारे 23 मीटर. खालून दिसतात ते फक्त रंग. माणसं मान वर करतात, फोटो काढतात, पुढे जातात. नऊ उभे भाग आणि तेरा ओळी, अशा 117 मुख्य चौकटी आहेत आणि प्रत्येकीत एक प्रसंग. वाचायचं वरून खाली, डावीकडून उजवीकडे. वरच्या तीन ओळींतल्या 27 चौकटींत बायबलच्या जुन्या कराराची सुरुवात, म्हणजे सृष्टीच्या निर्मितीपासूनच्या कथा. त्याखालच्या 81 चौकटींत जगाचा शेवट: सात तोंडांची श्वापदं, कर्णे फुंकणारे देवदूत. सगळ्यात खाली राजे, संत आणि बिशप. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने 1405 साली हे काम घेतलं ते तीन वर्षांत पुरं करायच्या बोलीवर, बक्षीस धरून मजुरी 56 पौंड. त्याने ते 1408 मध्ये वेळेत पुरं केलं आणि 10 पौंडांचं ते बक्षीस मिळवलं. वेळेत काम पुरं करणाऱ्या कंत्राटदाराचं कौतुक आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

काकूंना त्यातला समुद्रातून वर येणारा राक्षस सापडला. त्यांनी तो आम्हा प्रत्येकाला दाखवला. तुम्हालाही दाखवला, जणू तुम्ही तो पहिल्यांदाच बघताय. तुम्हीही तसाच बघितलात.

नवीन जाणाऱ्यांसाठी: आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. दहापटीची घेतली तर हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. खिडकी पूर्वेची, म्हणून सकाळी ऊन थेट काचेतून येतं आणि रंग पेटतात, पण बारीक रेषा दुपारच्या सौम्य उजेडात जास्त नीट दिसतात. रविवारी दुपारपर्यंत प्रार्थना चालतात, तेव्हा निव्वळ बघायला म्हणून सकाळी जाऊ नये. आणि संध्याकाळच्या इव्हनसाँगला, म्हणजे गायलेल्या सायंप्रार्थनेला, तिकीट लागत नाही. थोडं आधी जाऊन बसायचं, फोटो काढायचे नाहीत, फिरायचं नाही. घाई असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आता थोडं कडू. तुमच्याकडे येण्याआधी आमच्यातल्या काहींनी एका सहल कंपनीच्या बसने यॉर्क 'केलं' होतं. पत्रकात 'मिन्स्टर समाविष्ट' असं छापलेलं. समाविष्ट म्हणजे बाहेरून. वाटाड्याने शॅम्बल्स गल्लीत उभं राहून, हॅरी पॉटरच्या सिनेमातली जादूची गल्ली ती हीच, असं बिनदिक्कत सांगितलं. तिथे त्या सिनेमाचं एक फूटही चित्रीकरण झालेलं नाही. जे खरं आहे ते त्याला सांगता आलं नाही: की ही खाटकांची गल्ली, खिडक्यांखालच्या त्या रुंद फळ्या मांस मांडायच्या, काही दुकानांवर मांस टांगायचे आकडे अजून आहेत, आणि वरचे मजले पुढे झुकल्यामुळे खालच्या मालावर ऊन येत नसे. क्लिफर्ड्स टॉवरपाशी तर "फोटोला छान जागा" एवढंच. आजी, तीच जागा आमच्या नकाशावर खूण करताना तुमचा आवाज खाली आला होता. 1190 च्या मार्चमध्ये यॉर्कमधल्या सुमारे दीडशे यहुद्यांनी जमावापासून जीव वाचवायला तिथल्या लाकडी किल्ल्यात आसरा घेतला आणि तिथेच ते संपले, बरेच जण स्वतःच्या हाताने. आत्ताचा दगडी बुरुज नंतरच्या शतकातला. हे माहीत नसताना त्या 55 पायऱ्या चढून काय करायचं?

नकाशावर तुम्ही खुणांपेक्षा फुल्या जास्त मारल्यात, त्याचेही आभार. मिन्स्टरच्या मधल्या मनोऱ्यावर फुली: 275 पायऱ्या, अरुंद, गोल फिरत जाणाऱ्या, तिकीट वेगळं, वेळ ठरलेली, आठ वर्षांखालच्या मुलांना मनाई. गुडघेदुखीवाल्याने मध्येच थांबलं तर मागच्यांचीही कोंडी होते. शहराच्या तटबंदीचा पूर्ण फेरा, सव्वातीन किलोमीटरच्या वर, त्यावरही फुली. त्याऐवजी बूदम बार ते मंक बार, या दोन वेशींमधला तेवढाच तुकडा, कारण मिन्स्टर सगळ्यात सुंदर तिथून दिसतं. तट फुकट आहे, सकाळी आठला उघडतो, अंधार पडताना बंद होतो, बर्फ किंवा दहिवर साचलं तर उघडतच नाही. गड चढलेल्या मराठी माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. पण दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेत, बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, आणि पावसानंतर सपाट तळव्याच्या चपला घसरतात. वर चढायच्या पायऱ्याही उभ्या आहेत. ज्यांना नको त्यांनी म्युझियम गार्डन्समध्ये बसावं. तिथल्या रोमन बुरुजाच्या तळाचे लहान चिरे आणि मधला लाल विटांचा पट्टा रोमनांचा, वरचे मोठे दगड मध्ययुगातले. हजार वर्षांची सीमारेषा बाकावर बसून दिसते.

रेल्वे म्युझियमवर तुम्ही गोल केलात आणि बाजूला "सपाट, फुकट" असं लिहिलंत. रेल्वेप्रेमींना तेवढं पुरे. तरीही सांगतो: 1938 साली ताशी 126 मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं मॅलर्ड तिथे आहे. त्याच्या शेजारून पटकन निघणं काकांना जमलं नाही. योर्विकला, म्हणजे व्हायकिंगांच्या काळातलं यॉर्क दाखवणाऱ्या संग्रहालयाला, मात्र आधी आरक्षण करूनच जावं, सुट्ट्यांत रांग रस्त्यावर येते. व्हायकिंग वस्तीचे वासही तिथे मुद्दाम सोडलेले आहेत, नाजूक पोटाच्यांनी जेवणाआधी जावं.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत. 1644 मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात शहर पडलं तेव्हा जिंकणाऱ्या संसदपक्षाच्या सैन्यातला एक सेनापती टॉमस फेअरफॅक्स याच मुलखातला होता, आणि त्याने मिन्स्टरच्या काचांना हात लावू दिला नाही. इतर गावांत त्याच पक्षाच्या लोकांनी चर्चच्या खिडक्या फोडल्या होत्या. 1984 च्या आगीत दक्षिणेकडची गोल गुलाबखिडकी हजारो ठिकाणी तडकली, पण खाली आली नाही, कारण काही वर्षांपूर्वीच कोणीतरी तिच्या शिशाच्या पट्ट्या नव्याने भरल्या होत्या. त्या कारागिरांना पुढे आग लागणार हे कुठे माहीत होतं? काम नीट केलं, एवढंच. तुमच्यासारखी बिनपगारी माणसं तासन्‌तास त्या थंड फरशीवर उभी राहतात, आणि ज्यांनी पैसे घेतले त्यांना आमच्याशी धड बोलायलाही वेळ नव्हता, हे काही केल्या मनातून जात नाही.

आम्ही पुढे केलेली नोट तुम्ही घेतली नाहीत, दाराजवळच्या पेटीकडे बोट दाखवलंत. तिथेच टाकली.

काकू आता पुण्याला परतल्या आहेत. त्यांनी तुम्हाला खास नमस्कार सांगितलाय आणि सोबत तिळगूळ पाठवलाय. तो कडक आहे, दात सांभाळून खा.

आपले कृतज्ञ,
लीड्सहून दर उन्हाळ्यात पाहुण्यांना यॉर्क दाखवायला आणणारी काही मराठी माणसं