चि. मुक्तास: अकरावीच्या फॉर्ममधल्या चार जागा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, सायन्स की आर्ट्स, एका वाक्यात सांग." एका वाक्यातलं उत्तर कॉलनीत प्रत्येकाकडे तयार आहे: नव्वदच्या वर पडले ना, मग सायन्स. माझ्याकडे तसलं काही नाही, म्हणून हे पत्र. आत्याकडे आहेस तोवर सावकाश वाच. फॉर्ममध्ये कॉलेजं भरायला अजून अवकाश आहे.

आधी तुझी गुणपत्रिका. तिच्यावरचे टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे, म्हणजे सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय त्यात धरलेलाच नाही. कॉलेज मिळायला हा आकडा उपयोगी, शाखा ठरवायला नाही. विज्ञानाचे आणि सामाजिक शास्त्रांचे जे शंभर-शंभर गुण, त्यात वीस-वीस अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि तिथे शाळा सहसा हात आखडता घेत नाहीत. ते बाजूला काढ. उरले ८०. एकीकडे विज्ञान भाग १ आणि भाग २ चे चाळीस-चाळीस, दुसरीकडे इतिहास-राज्यशास्त्राचे ४० आणि भूगोलाचे ४०.

याच चार पेपरांच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका पाकिटात घातल्या आहेत. पेन्सिल घे आणि जिथे जिथे गुण गेलाय तिथे शेजारी कारण लिही: माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, की माहीत होतं पण मांडता आलं नाही. एकूण किती गेले ते मोजू नकोस, कशामुळे गेले ते मोज. विज्ञानात आकडेमोड चुकली असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, सरावानं ती सुधारते. पण सामाजिक शास्त्रांत 'मांडता आलं नाही' वारंवार येत असेल तर तिकडे नीट लक्ष दे. कला शाखेत पुढची पाच वर्षं उत्तर लिहिण्यातच जाणार आहेत, आणि 'पाठांतर करून भागतं' ही समजूत बारावीपर्यंतच टिकते, तीही जेमतेम.

आता खरा मुद्दा. तुला पावसाचा अभ्यास करायचाय, हे तू सातवीपासून म्हणतेस. पण पावसाचे प्रश्न दोन जातींचे असतात. आपल्या सातारा जिल्ह्यातलंच बघ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एक प्रश्न असा: बाष्पानं भरलेली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर दाब कमी म्हणून ती पसरते, पसरताना थंड होते, पाणी सोडते; मग घाट ओलांडून उतरताना पुन्हा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. किती वर चढली की किती अंश थंड होते? हे भौतिकशास्त्र. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथलं काम या जातीचं, आणि त्या वाटेवर भौतिकशास्त्र आणि गणिताशिवाय पाऊल पडत नाही.

दुसरा प्रश्न: माणमध्ये टँकर येतो तो पाऊस कमी म्हणून, की धरणाचं पाणी कुठे आणि कोणत्या पिकाला जातं यामुळे? कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही? पाणीवाटपाचा निर्णय कोण घेतं, आणि विहीर खोल करायला पैसे कुणाकडे असतात? हे भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. दोन्ही प्रश्न तुला आवडतील हे मला माहीत आहे. पण रात्री नऊ वाजता कंटाळा आलेला असताना कुठल्या प्रश्नाची किचकट बाजू तू करत बसशील? विषय निवडताना धडा कसा रंजक आहे ते आपण बघतो, आणि पुढे वाट्याला येते ती मात्र हमाली. म्हणून दोन्हीकडची हमाली जरा जवळून दाखवते.

विज्ञानाकडची, साध्या लंबकाची. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना बोट ०.२ सेकंद तरी पुढेमागे होतंच. एकच आंदोलन मोजलं तर दोन सेकंदांत ०.२, म्हणजे दहा टक्के चूक. वीस आंदोलनं मोजून वीसनं भागलं की तीच चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. इथवर सगळ्यांना कळतं. पण गोळा टोकाला असताना घड्याळ चालू करून 'एक' म्हणायचं की 'शून्य'? 'एक' म्हटलंस की वीसपर्यंत मोजताना प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलनं झालेली असतात. वेळ ३८.१ सेकंद येते, आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १०.९ निघतं. बाकी सगळं बरोबर, सूत्र बरोबर, आलेख सरळ रेषेत, आणि उत्तर चुकीचं. कारण लांबी बदलून कितीही वेळा मोजलंस तरी प्रत्येक वेळी एक आंदोलन कमीच पडतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंत मोजणं. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. बहुतेक मुलं अशा वेळी वहीत ९.८ येईल असे आकडे उलटे बसवतात. तुला तो १०.९ कुठून आला हे शोधत बसायला आवडेल का? आवडणार असेल तर सायन्समध्ये रमशील, मग दहावीला किती होते ते विसर.

आता इतिहासाकडची. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, हा वाद तुला माहीत आहे. बखरींच्या आधारानं १६२७ मानत. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद सापडली. बखरी घटनांनंतर बऱ्याच काळानं आणि गोष्ट सांगण्यासाठी लिहिलेल्या, शकावली म्हणजे तारखांची कोरडी यादी, म्हणून तिचं वजन जास्त. पण एका कागदावर विसंबायचं नसतं. महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारतातही शके १५५१ च येतं, तेव्हा बाजू भक्कम झाली. आता शकाचं इसवी सन कर. १५५१ मध्ये ७८ मिळव: १६२९. चुकलीस! शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुन येतो तो जानेवारी उलटल्यावर, म्हणून तिथे ७९ मिळवायचे: १६३०. दिवस निघतो १९ फेब्रुवारी, तोही जुन्या ज्युलियन पंचांगानं. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं तोच दिवस १ मार्चला पडतो. एका तारखेसाठी एवढं! साधन कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं, दुसरं साधन त्याला दुजोरा देतं का, हे प्रत्येक वाक्याला विचारत राहायचं. सनावळ्या पाठ करणं यात कुठेच येत नाही. आणि गणितापासून सुटका म्हणून कुणी आर्ट्सला जात असेल तर त्याला ते ७८ आणि ७९ दाखव.

आता फॉर्म. लोक शाखा निवडतात, पण खरं तर तुला चार जागा भरायच्या आहेत. बारावीला विषय सहा: इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा, आणि चार ऐच्छिक. प्रत्येकी १००, एकूण ६००. सायन्समध्ये भौतिक, रसायन, गणित घेतल्यावर चौथी जागा रिकामी राहते. तिथे डोळे मिटून जीवशास्त्र घातलं जातं, 'मेडिकलची नीट परीक्षा द्यावीशी वाटली तर असू दे' म्हणून. हे 'असू दे' फार महाग पडतं. नीटच्या १८० प्रश्नांतले ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. बाजूला ठेवलेल्या विषयावर ती परीक्षा निघत नाही. डॉक्टर, नर्सिंग यांपैकी काही तुझ्या मनात नाही, तर त्या जागी भूगोल घे. विज्ञान शाखेत तो घेता येतो, पुण्यातली बरीच मुलं घेतात. लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २०. भौतिक, रसायनला ७० आणि ३०. इंजिनिअरिंगच्या सीईटीला भूगोलाचं काही अडत नाही: तिथे गणिताचे १०० गुण, भौतिक आणि रसायन मिळून १००.

एक खाच सांगून ठेवते. काही कॉलेजं 'कॉम्प्युटर सायन्स' किंवा 'इलेक्ट्रॉनिक्स' हा २०० गुणांचा बायफोकल विषय पुढे करतात. तो दोन जागा खातो, दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक. तो घेतलास की भूगोलही गेला आणि मराठीही. आयटीही मराठीच्याच जागी बसतं. गुण बरे पडतात हे खरं, पण ज्या मुलीला पुढे लेखन, कायदा, प्रशासन यांपैकी काही करावंसं वाटू शकतं तिनं सोळाव्या वर्षी मराठी सोडावी हे मला पटत नाही. इथे मी हट्टी आहे, चालवून घे.

आर्ट्सला गेलीस तर? तिथेही चार जागाच: भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र यांतले. पण गणित धर. बारावीच्या गणिताच्या पुस्तकावरच 'कला व विज्ञान' असं छापलेलं असतं, म्हणजे तो विषय तुझाही आहे. आर्ट्सला गणित शिकवणारी कॉलेजं कमी. प्रवेशाआधी कार्यालयात जाऊन 'आर्ट्सला गणिताची तुकडी या वर्षी चालू आहे का' असं विचार. माहितीपुस्तकात विषय असतो आणि तुकडी नसते, असं होतं. गणित का, तर अर्थशास्त्रासाठी. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला ते लागतंच, आणि इतरत्र नाही लागलं तरी दुसऱ्या वर्षापासून त्याच्याशिवाय धाप लागते.

दारं कुठली बंद होतात हेही सरळ सांगते. बारावी सायन्सनंतर बी.ए. करता येतं, आर्ट्सनंतर इंजिनिअरिंग, मेडिकल बंद, बी.एस्सी.ही जवळपास बंदच. पाच वर्षांच्या एलएल.बी.ला कोणतीही शाखा चालते. यूपीएससी-एमपीएससीसाठी आर्ट्स घ्यावं लागतं हा गैरसमज. पदवी हवी, शाखा कोणतीही. म्हणजे शंका असेल तर सायन्स, असं लोक म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धं. नावडत्या सायन्समध्ये पंचावन्न टक्क्यांवर बाहेर पडलेल्या मुलाला ती दारं कागदावर उघडी असतात, इतकंच.

भाषेचंही मनात धर. तुझं सेमी असल्यानं विज्ञान-गणित इंग्रजीतूनच झालंय, तो धक्का तुला बसणार नाही. उलट धक्का आर्ट्सकडे बसेल: इतिहास-भूगोल आजवर मराठीतून शिकलीस, इंग्रजी माध्यमाची तुकडी मिळाली तर उत्तरं नव्यानं लिहायला शिकावी लागतील. मराठी माध्यमाची तुकडी असेल तर मी तीच घेईन.

आता दोन आठवडे असं कर. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पहिला आठवडा रोज पाऊण तास भौतिकशास्त्राचं दुसरं प्रकरण, सदिश आणि विकलनाचं. ते रूक्ष आहे म्हणूनच सांगते. पुढची दोन वर्षं त्यावर उभी आहेत. शेवटची उदाहरणं सोडव, आणि अडलीस की घड्याळ बघ: उत्तर बघायच्या आधी किती मिनिटं झटलीस? दुसरा आठवडा भूगोलाचं हवामान विभागांचं प्रकरण, आणि शेवटी 'माणमध्ये कमी काय, पाऊस की पाणीवाटप' यावर तीनशे शब्द, एक नकाशा आणि एक तक्ता. ते आत्याला वाचायला दे आणि तिला कुठे कळलं नाही तिथे खूण करायला सांग. मग ते पुन्हा लिही. दुसऱ्यांदा लिहिताना वैताग आला की मजा, हे मला कळव. पहिल्या लिखाणाची मजा सगळ्यांनाच येते.

क्लासबद्दल थोडक्यात: 'इंटिग्रेटेड' नावाखाली कॉलेजात फक्त प्रात्यक्षिकांना बोलावणारी व्यवस्था मला नको आहे. तिथे भूगोल घेऊ देत नाहीत आणि लंबकही नीट मोजू देत नाहीत.

वहीत दोन पानांवर दोन याद्या करून आण, सायन्सच्या चार जागा आणि आर्ट्सच्या चार जागा, प्रत्येकापुढे ते विषय खरोखर शिकवणारी दोन-तीन कॉलेजं. बाबा त्यातल्या कॉलेजांना फोन करून तुकड्यांची खात्री करतील.

तुझी,
आई

ता.क. पसंतीक्रमात दहा कॉलेजं भरता येतात, पण पहिल्या क्रमांकाचं लागलं तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या ओळीत 'बघू तरी लागतं का' म्हणून नावाजलेलं कॉलेज टाकू नकोस. तिथे भूगोल नसेल तर अडकलीस. आणि फॉर्मचा पासवर्ड माझ्या फोनमध्ये आहे, तू नवीन खातं उघडू नकोस.