आई-बाबांना, माझ्या पोटाच्या दुखण्याविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

आई, मागच्या वेळी तू माझ्याकडे राहायला आली होतीस तेव्हा माझ्या औषधांतील एका गोळीचे नाव टिपून नेलेस आणि ती नैराश्यावर देतात असे कळल्यापासून तुझ्या जिवाला घोर लागला आहे, हे बाबांनी मला सांगितले. फोनवर हा विषय निघाला की तुझा गळा दाटून येतो आणि माझे सांगणे अर्ध्यावरच राहते, म्हणून सविस्तर पत्र लिहिते आहे. बाबा, पत्राचा शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे. तो कृपया वगळू नका.

त्या गोळीचे नाव अमिट्रिप्टिलिन. नैराश्यासाठी ती कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. मी ती माझ्या आयबीएससाठी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याला जखम किंवा सूज नसतानाही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होत राहण्याचा आजार) रोज रात्री फक्त 10 मिलिग्रॅम घेते. एवढ्या कमी मात्रेत तिचा उपयोग मनःस्थितीसाठी नसून आतड्यांकडून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मंद करण्यासाठी होतो, आणि आतड्यांची गतीही ती थोडी कमी करत असल्याने माझ्यासारख्या, जुलाबांचा त्रास अधिक असणाऱ्या रुग्णाला तिचा दुहेरी फायदा मिळतो. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इंग्लंडमधील फॅमिली डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या आणि पहिल्या उपचारांनी आराम न पडलेल्या 463 रुग्णांपैकी काहींना ही गोळी 10 ते 30 मिलिग्रॅम आणि उरलेल्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली होती. सहा महिन्यांनंतर खरी गोळी घेणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला. तोंड कोरडे पडते आणि सकाळी थोडी सुस्ती राहते, हे खरे आहे. त्यापलीकडे तिची मला काही तक्रार नाही.

तुझा दुसरा प्रश्न असा की सगळे रिपोर्ट चांगले असताना दुखते तरी काय. रक्ततपासणी, गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजाराची तपासणी, आतड्याला सूज आहे का हे दाखवणारी विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी, या सर्वांतून आतड्याला जखम, सूज किंवा गाठ नाही एवढेच ठरते. आतडे व्यवस्थित वागते आहे असे त्यातून ठरत नाही. 1973 मध्ये रिची नावाच्या डॉक्टरांनी आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात लहान फुगा सोडून तो हळूहळू फुगवला, तेव्हा इतरांना ज्याचे फारसे काही वाटत नव्हते तेवढ्याच फुगवट्याने या रुग्णांपैकी पुष्कळांना वेदना झाल्या. आतड्यांच्या मज्जातंतूंची ही वाढलेली संवेदनशीलता सोनोग्राफीत किंवा दुर्बिणीच्या तपासणीत दिसत नाही. म्हणून हे निदान लक्षणांवरून करतात: पोटदुखी गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी होत असावी, तिचा संबंध शौच, शौचाला जाण्याची वारंवारता बदलणे आणि मलाचे स्वरूप बदलणे यांपैकी किमान दोन गोष्टींशी असावा, आणि त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. हे निकष 2016 मध्ये सुधारले गेले आणि माझ्या डॉक्टरांनी ते एकेक करून तपासले होते.

बाबा म्हणतात की मी जेवणाच्या वेळा पाळल्या नाहीत म्हणून हे झाले, आणि तू म्हणतेस की बाहेर राहून आबाळ झाली म्हणून. कॉलेजात असताना मला जुलाबांचा जो मोठा आजार झाला होता, त्यानंतर माझे पोट पूर्ववत झालेच नाही, हे तुम्हा दोघांनाही आठवत असेल. आतड्यांच्या अशा संसर्गानंतर साधारण दहातील एका रुग्णाला पुढे आयबीएस होतो. दोष कोणाचाच नाही, आणि एवढ्या वर्षांनी तो शोधण्यात आता अर्थही उरलेला नाही.

‘डोके शांत ठेव, पोट आपोआप बरे होईल’ हे बाबांचे वाक्य अर्धे बरोबर आहे. आतडे आणि मेंदू यांच्यात दोन्ही दिशांनी सतत संदेश जात असतात. त्यामुळे ताण आला की कळा वाढतात हे मी अनुभवते, परंतु कळांच्या भीतीनेच ताण येतो हेही तितकेच खरे आहे, आणि ही दुसरी बाजू घरात कोणी बोलून दाखवत नाही. समुपदेशकाकडे जाऊन मी शिकले ते मुख्यतः याच भीतीविषयी: घराबाहेर पडण्यापूर्वी उपाशी राहणे, प्रत्येक ठिकाणी आधी स्वच्छतागृह शोधणे, शंका आली की बेतच रद्द करणे, या सवयी त्रास टाळण्यासाठी लागतात आणि हळूहळू आयुष्य आक्रसून टाकतात. त्यांतील काही मी सोडल्या आहेत. कडेची जागा मागून घेण्याची सवय मात्र मुळीच सोडणार नाही.

आता खाण्याविषयी. आई, तू फ्रिजवर लावून ठेवलेली वर्ज्य पदार्थांची यादी कृपया काढून टाक. ती जुनी झाली. कांदा, लसूण, गहू, दूध, कडधान्ये, सफरचंद अशा पदार्थांतील काही कर्बोदके लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत; ती आतड्यात पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. हे सगळ्यांच्याच पोटात घडते, फक्त माझ्या आतड्याला तो ताण सहन होत नाही. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी यावरून ‘लो फॉडमॅप’ (अशी कर्बोदके कमी असलेला) आहार तयार केला. त्यात हे पदार्थ फक्त दोन ते सहा आठवडे बंद ठेवायचे असतात, मग एकेक करून परत खाऊन पाहायचे आणि जे बाधतात तेवढेच कमी करायचे असतात. ती यादी पहिल्या टप्प्याची होती. आहारतज्ज्ञांच्या मदतीने मी पुढचे दोन्ही टप्पे केव्हाच पार केले आहेत. कडधान्ये मला थोड्या प्रमाणात चालतात, दूध लॅक्टोज काढलेले चालते, आणि लसूण तेलात तळून काढून टाकली तर त्या तेलाचाही त्रास होत नाही, कारण लसणीतील बाधणारा घटक पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तेव्हा मी आले की माझ्यासाठी वेगळे, बेचव शिजवण्याची गरज नाही. बाबांनी कोंडा खाण्याचा आग्रहही थांबवावा. कोंड्याने माझ्यासारख्यांचे पोट अधिक फुगते, तर इसबगोलसारखा पाण्यात विरघळणारा तंतू थोड्या प्रमाणापासून वाढवत नेला तर मानवतो.

‘पूर्ण बरी कधी होशील’ याचे उत्तर मात्र मला देता येणार नाही. काही रुग्णांचा त्रास वर्षांनी ओसरतो, पुष्कळांचा कमी-अधिक होत राहतो, आणि माझा दुसऱ्या प्रकारचा दिसतो. या आजाराचा कर्करोग होत नाही आणि त्याने आयुष्य कमी होत नाही, हे मात्र निश्चित आहे. तुम्ही दोघांनी नवनवे उपचार शोधून पाठवणे थांबवले, आणि पाहुण्यांसमोर ‘आज पोट कसे आहे’ असे विचारले नाही, तर मला खरोखर बरे वाटेल. एकटी असताना विचारलेत तर सगळे सांगेन.

बाबा, आता तुमचे. ‘मलाही लेकीचाच आजार झाला आहे’ असे म्हणत तुम्ही गेले काही महिने माझ्या जुन्या चिठ्ठीवरच्या पोटदुखीच्या गोळ्या घेत आहात, असे आईकडून कळले. त्या आजच बंद करा. आयबीएस बहुधा तरुणपणी सुरू होतो. पन्नाशीनंतर शौचाची सवय पहिल्यांदाच बदलली तर ती आयबीएसमुळे आहे असे गृहीत धरायचे नसते. आधी इतर कारणे तपासावी लागतात, आणि तुम्ही तर सत्तरीच्या जवळ आहात. शिवाय मोठ्या काकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. शौचातून रक्त जाते का, वजन आपोआप उतरले आहे का, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागते का, या प्रश्नांची उत्तरे संकोच न करता डॉक्टरांना द्या. रक्त गेले असेल तर ‘मूळव्याध असेल’ असे तुम्ही परस्पर ठरवू नका.

कदाचित कारण अगदी साधे निघेल. तुम्ही मधुमेहासाठी घेता त्या मेटफॉर्मिननेही जुलाब होऊ शकतात, थायरॉइडमुळेही शौचाची सवय बदलते. म्हणून सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगा, कारण कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायचे ठरले तर ती गोळी केव्हा थांबवायची किंवा थांबवायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. हिमोग्लोबिन तपासायला सांगतीलच. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करणारे औषध घ्यावे लागते आणि रात्रभर वरचेवर उठावे लागते, त्या वेळी आईवर सगळा भार नको. तपासणीची तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे मी दोन दिवस आधी रजा घेऊन येईन.

तुमची,
लेक