खलाशांचे पाय आणि पांढरा भात

महोदय,
पॉलिश केलेल्या तांदळावरचा पुरवणीतला लेख आवडला, पण जपानी नौदलाची हकिगत त्यात हवी होती. ‘र्‍युजो’ ही युद्धनौका न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई असा फेरा मारून १८८३ मध्ये परतली, तेव्हा ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी हा आजार झाला होता, २५ दगावले. पाय सुजायचे, नडगीवर बोट दाबले की खळगा तसाच राहायचा, मग धाप लागायची. शिध्यात पांढराशुभ्र भात पोटभर, तोंडी लावायला जेमतेम.

नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी पुढच्याच वर्षी ‘त्सुकुबा’ ही नौका हट्टाने जवळपास त्याच मार्गाने पाठवायला लावली. शिधा तेवढा बदलला. भात कमी, मांस जास्त. बेरीबेरीने एकही खलाशी गेला नाही. गंमत म्हणजे डॉक्टरांचा तर्क चुकीचाच होता! त्यांना कमतरता प्रथिनांची वाटत होती. खरी कमतरता होती कोंड्याबरोबर निघून जाणाऱ्या ‘बी-१’ जीवनसत्त्वाची, पण त्याचा पत्ता तेव्हा कुणालाच नव्हता.

आमच्याकडे हातसडीचा तांदूळ शिजला की मुले अजून नाक मुरडतात. परवा त्यांना नडगीवरच्या खळग्याची गोष्ट सांगितली. एकाने लगेच स्वतःची नडगी दाबून पाहिली.

– एक वाचक, सावंतवाडी