त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टर मॅडमना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. केसपेपरवरची सही केमिस्टलाही दाखवली, त्यालासुद्धा लागली नाही. म्हणून हे उघड पत्र.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. खिडकीची काच उजव्या मनगटाला लागली होती, करंगळीच्या बाजूला. जखम इंचभर, रक्तही थांबलेलं. दोन टाके घालून घरी पाठवलं असतंत तरी मी खुशीत गेलो असतो. तुम्ही मात्र आधी डोळे मिटायला सांगून कापसाने एकेक बोट तपासलंत. मग पेन बोटांवरून फिरवलंत. इतर बोटांवर ते जरा अडखळत होतं, करंगळीवरून गुळगुळीत घसरलं. नर्व्ह तुटली की घाम थांबतो, कातडी कोरडी पडते. शेवटी तोच केसपेपर दोन्ही हातांच्या चिमटीत धरायला देऊन ओढलात. कागद सुटू नये म्हणून उजव्या अंगठ्याचं पेर आपोआप वाकलं. "सर, अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी नर्व्ह तुटलीये, नुसती कातडी शिवून भागणार नाही," म्हणालात आणि लगेच प्लास्टिक सर्जनना फोन लावलात.

हे उशिरा कळलं असतं तर नर्व्हची टोकं मागे सरकली असती, आणि मध्ये जोडायला पायातली नर्व्ह काढावी लागली असती. माझं टोकाला टोक जुळलं, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने. सर्जनना पेढे नेऊन दिले. ऑपरेशन करणाऱ्याला पेढे मिळतात. रात्री नीट तपासणाऱ्याला कोण देतं?

पुढचं सगळं धीराचं काम. तुटल्या जागेपुढचे तंतू आधी मरतात. ऑगस्टस वॉलरने 1850 साली बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून हे दाखवलं. मी ते दर वर्षी फळ्यावर लिहितो, स्वतःच्या हातात होताना पाहीन असं वाटलं नव्हतं. तंतूंभोवती आवरण करणाऱ्या श्वॉन पेशी मागे राहून वाट धरून ठेवतात आणि नवे तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर पुढे सरकतात. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत म्हणजे सहाएक महिने तरी. फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवल्याप्रमाणे तळहातावर टिचकी मारायची, जिथे मारल्यावर करंगळीत मुंग्या येतील तिथे पेनाने खूण करायची. खूण थोडी पुढे गेली की बायको गोड करायची. स्पर्श परत आला तोही आधी चुकीच्या पत्त्यावर: हात लावायचा करंगळीला, कळायचं अनामिकेला!

करंगळी अजून शेजारच्या बोटाला पुरती चिकटत नाही, आणि थंडीत ठणकते. पण खडू धरता येतो, पेपर तपासता येतात. (मुलांना याचा फारसा आनंद झालेला दिसत नाही.)

सध्या तुमचं पोस्टिंग कुठे आहे कोण जाणे. हे वाचलंत तर जरूर कळवा, तुमचे पेढे पोचवायचे राहिलेत.

आपला कृतज्ञ,
करंगळीवाले सर