वनमंत्री साहेब, गोचीड नेमका कोणाच्या खात्यात येतो?

मा. केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, हे पत्र गीरच्या सिंहांच्या आजाराबद्दल आहे. मी कोणी सिंहतज्ज्ञ नाही, गोठेवाला आहे, चार गाई आहेत, त्यातली एक गीर. दोन वर्षांपूर्वी आमची जर्सी एकाएकी चारा सोडून बसली, सणकून ताप, आणि लघवी बघतो तर कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचेवर घेतला, नंतर म्हणाले गोचीड ताप आहे, बबेसिया, म्हणजे गोचीड चावल्याने रक्तात जाऊन तांबड्या पेशींत शिरून त्या फोडणारा परजीवी. इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून वाचली. आईने तिच्या कासेखालचे, कानातले गोचीड काढून रॉकेलच्या वाटीत टाकले तर वाटीचा तळ दिसेना.

आता हाच बबेसिया, जात वेगळी असेल पण खानदान तेच, गीरच्या सिंहांतही निघाला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये, म्हणजे जंगलाच्या एका विभागात, २३ सिंह गेले. आधी सांगितलं आपसातल्या मारामाऱ्या, मग आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या एका रोगाचा व्हायरस शोधला, आणि काही सिंहांत बबेसियापण होता. व्हायरससाठी अमेरिकेतून लसीचे ३०० डोस मागवले, ते चांगलंच केलं. पण गोचिडाचं काय? २०२० ला बबेसियाने परत सिंह मेलेच ना.

आफ्रिकेतल्या टांझानियाच्या सेरेंगेटी जंगलात हे आधी होऊन गेलंय. तिथे डिस्टेंपर पूर्वीही येऊन जायचा, सिंहांना फार काही व्हायचं नाही. १९९३ ला दुष्काळ पडला, उपाशी रानम्हशी गोचिडांनी भरल्या, सिंहांनी त्याच खाल्ल्या, आणि १९९४ ला डिस्टेंपर आला तेव्हा अंगात बबेसिया आधीच ठाण मांडून होता. एक तृतीयांश सिंह संपले. म्हणजे नुसती व्हायरसची लस टोचून भागणार नाही, हे तिकडच्या संशोधकांनी २००८ लाच लिहून ठेवलंय.

आणि गीरमध्ये तर मालधाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या गुराख्यांच्या म्हशी, गावाची गुरं, भटकी कुत्री, सिंह सगळे एकाच गवतात. गोचिडाची मादी रक्त पिऊन टम्म फुगली की गळून पडते, हजारो अंडी घालते, पिल्लं गवताच्या शेंड्यावर कोण येतंय याची वाट बघत बसतात, त्यांना काय अभयारण्याची हद्द कळते? २०२५ च्या गणतीत ८९१ सिंह निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त गीरच्या जंगलाबाहेर, म्हणजे आमच्यासारख्यांच्या गोठ्याशेजारीच. पण सिंह तुमच्या खात्यात, म्हैस पशुसंवर्धनात आणि कुत्रं ग्रामपंचायतीकडे, मग गोचीड कोणाचा?

(सगळे सिंह एकाच भागात नकोत म्हणून काही मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात हलवा, असं सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१३ ला सांगितलं होतं, सहा महिन्यांत. तिथे चित्ते आले, सिंह काय पोचले नाहीत. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

माझं मागणं एवढंच, गीरच्या भोवतालच्या गावांत जनावरांचं गोचीड निर्मूलन सरकारी खर्चाने करा आणि मेलेल्या प्रत्येक सिंहाचा रक्ताचा रिपोर्ट लोकांपुढे ठेवा. आणि जे काही कराल ते पावसाळ्याच्या आत करा, नंतर गोचीड आवरत नाहीत, शिवाय एकदा फवारून उपयोग नाही, अंडी फुटली की परत फवारावं लागतं, गोठ्याच्या भेगांत, गव्हाणीच्या मागेसुद्धा.

आपला,
एक गोठेवाला